हा धक्का आधीचा की नंतरचा? – पश्चात धक्क्यांचा एक पाठ



आमच्या शाळेत परिपाठाला रोज एक विद्यार्थी बातम्या वाचतो. बातम्यांमध्ये अधूनमधून एक छोटीशी बातमी हमखास असते, "अंदमानजवळ समुद्रात ४.५ तीव्रतेचा भूकंप, जीवितहानी नाही." वाचणारा वाचून जातो, ऐकणारे ऐकतात. पण मागे चौथीच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, मग आता त्सुनामी येणार का?" लगेच दुसरी म्हणाली, "मॅडम, आमच्या हिंगोलीच्या आजीकडे पण ४.५ चाच झाला होता. नंतर परत झाला. आता अजून मोठा होणार का?"

दोन्ही प्रश्न अगदी बरोबर आहेत. आणि खरं सांगायचं तर दोन्हींचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. "नाही रे, काही होत नाही, घाबरू नका," असं म्हणून मी पुढे गेले. नंतर दिवसभर ते मनात राहिलं. कारण "काही होत नाही" हे वाक्य मी लहानपणी स्वतः ऐकलेलं आहे, आणि ते खोटं ठरलेलंही पाहिलेलं आहे. त्याबद्दल पुढे सांगते. आधी विषय समजून घेऊ.

हलका भूकंप म्हणजे किती?

बातमीत "तीव्रता" हा शब्द येतो. खरं तर तिथे दिलेला आकडा म्हणजे भूकंपाची महत्ता, म्हणजे भूकंप मुळात केवढा मोठा झाला ते. तीव्रता म्हणजे तो कुठे किती जाणवला. एकाच भूकंपाची महत्ता एकच असते, पण तीव्रता गावागणिक बदलते. वर्गात मी बल्बचं उदाहरण देते. बल्ब किती वॅटचा ते ठरलेलं असतं, पण उजेड जवळ जास्त आणि लांब कमी. वॅट म्हणजे महत्ता, तुमच्या वहीवर पडलेला उजेड म्हणजे तीव्रता.

महत्ता ४ ते ४.९ असेल तर त्या भूकंपाला "हलका" म्हणतात. भांडी वाजतात, खिडकीच्या काचा थरथरतात, माणसं घाबरून बाहेर येतात, पण मजबूत बांधलेल्या घराला सहसा काही होत नाही.

आता मुलांना चकित करणारी गोष्ट. महत्तेचा आकडा १ ने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणून ४.५ आणि ६.२ हे आकडे कागदावर जवळजवळ दिसले तरी ऊर्जेत साडेतीनशे पटींचा फरक आहे. आणि २००४ चा सुमात्राचा ९.१ चा भूकंप ४.५ च्या तुलनेत सुमारे ८० लाख पट. फळ्यावर हे लिहिलं की वर्ग एकदम शांत होतो.

त्सुनामीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. त्सुनामी यायला समुद्राचा तळ मोठ्या क्षेत्रावर वर उचलला किंवा खाली खचला पाहिजे, तेव्हाच वरचं सगळं पाणी ढकललं जातं. ४.५ च्या भूकंपात तेवढी ताकदच नसते. हैदराबादला 'इन्कॉइस' ही भारत सरकारची संस्था आहे. तिथलं त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ पासून चोवीस तास हिंदी महासागरावर लक्ष ठेवून आहे. ते साधारण ६.५ आणि त्यावरच्या सागरी भूकंपांना त्सुनामीच्या दृष्टीने तपासतात.

पण मुलांना "समुद्र आपल्यापासून लांब आहे" असं सांगून हा विषय बंद करू नका. २८ नोव्हेंबर १९४५ ला आजच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्रात आठपेक्षा मोठा भूकंप झाला होता. त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या आणि तिथे काही माणसं दगावली होती. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे काका-मामा मुंबईत, कोकणात आहेत.

एक धक्का, मग मागोमाग आणखी का?

आता दुसऱ्या मुलीचा प्रश्न. २१ मार्च २०२४, गुरुवार. सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्याच्या परिसरात ४.५ चा धक्का बसला. नांदेड, परभणी, हिंगोली या तिन्ही जिल्ह्यांत तो जाणवला. मी डब्याची भाजी टाकत होते तेवढ्यात वसमतच्या मावशीचा फोन आला, "अगं, भांडे पडले गं मांडणीवरचे! सगळे बाहेर उभे आहोत." फोन चालू असतानाच थोड्या वेळाने तिकडे परत ओरडाआरडा झाला. ६ वाजून १९ मिनिटांनी दुसरा धक्का बसला होता, ३.६ चा.

दोन धक्क्यांत अकरा मिनिटांचं अंतर. पहिला मोठा, दुसरा लहान. ऊर्जेच्या हिशोबाने दुसरा पहिल्याच्या सुमारे बावीसावा भाग. या दुसऱ्याला म्हणतात पश्चात धक्का, बातम्यांमध्ये ज्याला आफ्टरशॉक म्हणतात तो.

तो का येतो? आपली एसटी आठवा. लाल परी खच्चून भरली आहे, लोक दांडीला धरून उभे आहेत. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की सगळा घोळका एकदम पुढे सरकतो. हा मुख्य धक्का. पण नंतर लगेच सगळं शांत होतं का? नाही. कुणी पिशवी सावरतं, कुणाचा पाय कुणाच्या पायावर असतो तो काढून घेतो, एकजण सरकला की शेजारच्याला धक्का लागतो, मग तो सरकतो. पाच-दहा मिनिटं ही चुळबुळ चालते. मग हळूहळू सगळे आपापल्या जागी स्थिरावतात.

जमिनीखालीही असंच होतं. खडकाच्या भेगेवर, म्हणजे प्रस्तरभंगावर, वर्षानुवर्षं ताण साठतो. एक दिवस भेगेचा एक तुकडा सरकतो, तिथला ताण कमी होतो. पण तो ताण पूर्ण नाहीसा होत नाही, काही भाग भेगेच्या टोकांवर आणि आजूबाजूच्या खडकांवर जाऊन पडतो. तिथले जे कोपरे आधीच सुटायच्या बेतात होते ते आता सुटतात. प्रत्येक सुटण्याचा एक छोटा धक्का. म्हणजे पश्चात धक्का हा मोठ्या भूकंपानंतर जमीन पुन्हा "बसण्याचा" भाग आहे.

हिंगोली, नांदेडकडच्या लोकांना जमिनीतून येणारा आवाज नवीन नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातल्या गूढ आवाजांच्या बातम्या आपण कितीतरी वर्षं वाचतो आहोत. जमिनीखाली फार खोल नसलेले छोटे धक्के असा गुडगुड आवाज करू शकतात. "पोटात दुखलं की गुडगुडतं तसं," असं आमच्या वर्गातल्या एकीने सांगितलं होतं. शास्त्रीय नाही, पण लक्षात राहतं!

ओमोरींचा नियम आणि मक्याच्या लाह्या

जपानमध्ये १८९१ साली नोबी इथे फार मोठा भूकंप झाला. फुसाकिची ओमोरी नावाचे शास्त्रज्ञ त्यानंतर एक साधं काम करत बसले. रोज किती धक्के बसतात ते मोजायचे. १८९४ मध्ये त्यांनी सांगितलं की धक्क्यांची संख्या एका ठरावीक पद्धतीने कमी होते. पहिल्या दिवशी जितके, दुसऱ्या दिवशी साधारण त्याच्या निम्मे, तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश, दहाव्या दिवशी एक दशांश.

पाचवीच्या वर्गात हा भागाकाराचा छान सराव होतो. समजा पहिल्या दिवशी ६० धक्के बसले (आकडा फक्त समजण्यासाठी घेतला आहे). मग मुलांना तक्ता पूर्ण करायला सांगा:

पहिला दिवस – ६०
दुसरा दिवस – ३०
तिसरा दिवस – २०
पाचवा दिवस – १२
दहावा दिवस – ६
तिसावा दिवस – २

आलेख काढला की मुलांना दिसतं, सुरुवातीला रेषा झपकन खाली येते आणि नंतर अगदी हळू. शून्यावर मात्र लवकर येत नाही. म्हणूनच "आठ दिवस झाले, आता संपलं" असं म्हणता येत नाही. ओमोरींनी मोजलेल्या त्या भूकंपाचे पश्चात धक्के तर शंभर वर्षांनंतरही त्याच नियमाने अगदी तुरळक चालू असल्याचं नंतरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

घरी करायचा उपक्रम मक्याच्या लाह्यांचा. पालकांनी कुकरमध्ये किंवा कढईत झाकण ठेवून लाह्या कराव्यात आणि मुलांनी आवाज ऐकावा. लाह्या भराभर फुटायला लागल्या की गॅस बंद करा. आता मुलांनी दर पाच सेकंदांत किती "टप्" ऐकू आले ते वहीत लिहायचं. आधी खूप, मग कमी, मग एखादाच. शेवटी आपण झाकण उघडायला जावं आणि टप्! एक लाही उडतेच. पुढची लाही नेमकी कोणत्या सेकंदाला फुटणार हे कुणालाच सांगता येत नाही, पण एकंदर संख्या कमी होत जाणार हे नक्की सांगता येतं. पश्चात धक्क्यांचं अगदी असंच असतं.

संख्येसोबत आकाराचाही एक ढोबळ नियम आहे. मालिकेतला सगळ्यात मोठा पश्चात धक्का मुख्य धक्क्यापेक्षा साधारण एक-सव्वा आकड्याने लहान असतो. आणि आकडा एकने खाली गेला की धक्क्यांची संख्या दहापट वाढते. म्हणजे ५ चा एक असेल तर ४ चे दहाएक आणि ३ चे शंभरएक. लहान धक्के पुष्कळ, मोठे मोजके.

तीन प्रश्न विचारा: कुठे? कधी? केवढा?

एखादा धक्का आधीच्या भूकंपाचा पश्चात धक्का आहे की नवीन, हे कसं ओळखायचं? वर्गासाठी मी तीन प्रश्न केले आहेत.

कुठे? मुख्य भूकंपात जो भाग सरकला, त्याच भागात किंवा अगदी जवळ आहे का?
कधी? तिथे एरवी जितके धक्के बसतात त्यापेक्षा अजून जास्त बसत आहेत का? संख्या नेहमीच्या पातळीवर आली की मालिका संपली असं धरतात.
केवढा? मुख्य धक्क्यापेक्षा लहान आहे का?

आता २१ मार्चचा ३.६ चा धक्का घ्या. जागा तीच, अकरा मिनिटांनी, आणि लहान. तिन्ही उत्तरं "हो". मुलं लगेच सांगतात, "पश्चात धक्का!"

मग पुढचा घ्या. १० जुलै २०२४, बुधवार, सकाळी ७ वाजून १४ मिनिटं. पुन्हा हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुक्यातलं रामेश्वर तांडा परिसर. महत्ता पुन्हा ४.५. जागा त्याच भागातली. पण मध्ये साडेतीन महिने गेलेले, आणि आकार मार्चच्या मुख्य धक्क्याइतकाच. आता वर्गात वाद सुरू होतो. "मॅडम, हा पण मोठाच, मग हा मुख्य का नाही?" वाद होऊ द्या. विज्ञानात सगळ्या गोष्टी एका खणात नीट बसत नाहीत हे मुलांना कळणंही शिक्षणच आहे.

तिसरं उदाहरण पालघरचं. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून छोटे छोटे धक्के सुरू झाले आणि ते महिनोन् महिने चालू राहिले. त्यात कुठलाच एक "मुख्य" म्हणावा असा नव्हता. शास्त्रज्ञ याला धक्क्यांचा थवा म्हणतात. एसटीतल्या चुळबुळीसारखं, पण ब्रेक न मारताच!

आणि आता समुद्राकडे. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ चा भूकंप झाला तेव्हा सुमात्रापासून थेट आपल्या अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीची भेग सरकली. अंतर डोळ्यांसमोर आणायचं तर आपल्या संभाजीनगरहून दिल्लीच्याही पलीकडे. ग्रेट निकोबारवरचं भारताचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरपेक्षा जास्त खाली गेलं. तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. भेग एवढी मोठी असल्यावर तिच्या काठाकाठाने "जमीन बसण्याचं" कामही मोठं आणि लांबलचक असणार. त्या पट्ट्यात भूकंपानंतर हजारो धक्के नोंदले गेले.

तीन महिन्यांनी, २८ मार्च २००५ ला, त्याच भेगेच्या दक्षिणेकडच्या शेजारच्या तुकड्यावर नियास बेटाजवळ ८.६ चा भूकंप झाला. हजारापेक्षा जास्त माणसं गेली. मोठ्या धक्क्याने शेजारच्या तुकड्यावर ताण टाकला की काय होतं, याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण.

म्हणून परिपाठात "अंदमानजवळ ४.५" अशी बातमी आली की आता आमची मुलं तीन प्रश्न विचारतात. कुठे? त्याच पट्ट्यात. केवढा? कितीतरी लहान. कधी? इथे मात्र गाडी अडते. कारण अंदमानखाली भारतीय भूपट्ट सतत पूर्वेकडच्या भूपट्टाखाली घुसतो आहे, त्यामुळे तिथे २००४ नसतं झालं तरी असे हलके भूकंप होतच राहिले असते. एकटा धक्का बघून त्याचं घराणं सांगता येत नाही. त्याच्या आधीचे आणि नंतरचे शेकडो धक्के शेजारी मांडले तरच त्याची जागा कळते.

खरी अडचण: नाव नंतर मिळतं

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते.

पूर्वधक्का, मुख्य धक्का, पश्चात धक्का. पुस्तकात ही तीन नावं ओळीने छापलेली असतात, त्यामुळे वाटतं की धक्का आपलं नाव कपाळावर लिहूनच येतो. तसं नसतं. धक्का बसतो तेव्हा तो नुसता धक्का असतो. त्याच्यानंतर काय होतं त्यावरून त्याला नाव मिळतं. नंतर लहान धक्के आले तर तो मुख्य ठरतो. नंतर त्याच्यापेक्षा मोठा आला तर तो पूर्वधक्का ठरतो. २१ मार्चला ६ वाजून १० मिनिटांनी मावशी अंगणात उभी होती, तेव्हा आपण पाहिलेला धक्का मुख्य आहे की आधीचा, हे तिलाच काय, जगातल्या कोणत्याही यंत्राला सांगता आलं नसतं.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी पाच वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून गावं थकून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, महत्ता ६.२. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. मला आठवतो तो अंधार, धूळ, आणि नंतरचे कितीतरी दिवस अंगणात ताडपत्रीखाली झोपणं. रात्री जमीन हलली की आजी मला पोटाशी घट्ट धरायची आणि म्हणायची, "काही होत नाही, झोप."

मोठी झाल्यावर कळलं की हेच "काही होत नाही" वर्षभर आधीही बोललं गेलं होतं. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसरात छोटे छोटे धक्के बसत होते. ऑक्टोबरमधला एक तर चांगला ४ च्या आसपासचा होता. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले. मग धक्के थांबले. महिने गेले, भीती गेली. लोक परत त्याच घरांत झोपायला लागले, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. पुढच्या सप्टेंबरात तेच माळवद अंगावर आलं.

त्या लोकांचं चुकलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. जगात बहुतेक वेळा छोटे धक्के येतात आणि विरून जातात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून शास्त्रज्ञ सांगतात की एक भूकंप झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापेक्षा मोठा होण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाच आहे. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव वेळा "काही होत नाही" हे बरोबर ठरतं. पण उरलेल्या पाचांत किल्लारी असू शकतं. आणि त्या पाचांत आपण आहोत की नाही हे आधी कळत नाही.

म्हणून मुलांना दोन वाक्यं सांगू नका. एक, "आता काही होणार नाही." दुसरं, "आता मोठा येणार आहे." दोन्हीही आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टी आहेत.

मग मुलांना सांगायचं काय?

मी आता वर्गात ही तीन वाक्यं सांगते, मुलांकडून म्हणूनही घेते:

१. भूकंपानंतर छोटे धक्के येणं नेहमीचं आहे, त्यात आश्चर्य नाही.
२. ते दिवसेंदिवस कमी होत जातात, पण मध्येच एखादा येऊ शकतो.
३. क्वचित पुढचा धक्का मोठा असू शकतो, त्याची वेळ कुणीच सांगू शकत नाही, म्हणून आपण तयार राहायचं.

तिसऱ्या वाक्याचा एक फायदा असाही आहे. "आज रात्री २ वाजता मोठा भूकंप, सगळ्यांना पाठवा" असा मेसेज ग्रुपवर आला की मुलंच आई-वडिलांना सांगतात, "वेळ सांगितली आहे ना, म्हणजे हे खोटं." गेल्या वर्षी एका पालकांनी मला शाळेच्या गेटवर थांबवून हे कौतुकाने सांगितलं.

तयारी म्हणजे काय करायचं?

पश्चात धक्का लहान असला तरी त्याचा खरा धोका आधीच तडा गेलेल्या भिंतीला असतो. पहिल्या धक्क्यात भिंत उभी राहिली म्हणजे ती दुसऱ्यातही राहील असं नाही. म्हणून:

– धक्का बसल्यावर मोठ्यांनी घराच्या भिंती, तुळया, छत बघून घ्यावं. मोठी तिरपी भेग, भिंत आणि छत यांत पडलेली फट, बाहेर झुकलेली भिंत असं दिसलं तर जाणकाराने बघेपर्यंत त्या खोलीत झोपू नये.

– पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड काढावेत. मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांना हेच आवाहन केलं होतं. आपल्याकडे खेड्यातच नाही, शहराच्या कडेच्या वस्त्यांतही पत्र्यावर दगड असतात. पत्रा आकड्याने किंवा तारेने बांधून घ्यावा.

– फळीवरची जड भांडी, डबे, मांडणी यांच्याखाली लहान मुलांचं अंथरूण नको. कपाट भिंतीला खिळ्याने अडकवावं.

– वर्गात धक्का बसला तर: खाली बसा, बाकाखाली डोकं घाला, बाकाचा पाय घट्ट धरा. हलणं थांबलं की दप्तर डोक्यावर धरून रांगेत मैदानात. हलत असताना धावायचं नाही. पालघरमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्याच्या वेळी बाहेर पळताना पडून एका अगदी लहान मुलीचा जीव गेला होता. तो भूकंप घर पाडण्याएवढाही नव्हता.

– मैदानात गेल्यावर लगेच वर्गात परत नेण्याची घाई नको. पहिल्या तासात पश्चात धक्क्यांची शक्यता सगळ्यात जास्त. हिंगोलीत दुसरा अकरा मिनिटांनीच आला होता.

वर्गासाठी उपक्रम

दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' नावाचं मोबाईल ॲप आहे. त्यात देशातल्या आणि आसपासच्या भूकंपांची तारीख, वेळ, महत्ता, खोली आणि ठिकाण मिळतं. महिनाभर रोज एका विद्यार्थ्याने त्यातल्या नोंदी भिंतीवरच्या तक्त्यात लिहायच्या आणि भारताच्या नकाशावर टिकली लावायची. ३ च्या आतले हिरवी, ३ ते ४ पिवळी, ४ च्या वर लाल. महिन्याच्या शेवटी विचारा: टिकल्या कुठे दाट आहेत? लाल किती, हिरव्या किती? एकाच ठिकाणी लागोपाठ टिकल्या आल्या का? आल्या असतील तर कुठे, कधी, केवढा हे तीन प्रश्न लावून बघा. भूगोल, गणित आणि मराठीतलं बातमीलेखन असे तीन विषय एकाच तक्त्यात होतात.

आमच्या तक्त्यावर अंदमानच्या टिकल्या बऱ्याच झाल्या. ज्या मुलाने पहिल्या दिवशी त्सुनामीचं विचारलं होतं, त्यानेच परवा बातमी वाचली आणि पुढे स्वतःच जोडलं, "हा हलका भूकंप आहे. त्सुनामी येणार नाही. पण हा कुणाचा नंतरचा आहे की कुणाच्या आधीचा, ते आपल्याला नंतर कळेल."

मला माझ्या आजीची आठवण झाली. तिला हे वाक्य कुणी शिकवलं असतं तर तिने मला पोटाशी तर धरलंच असतं, पण झोपायला ताडपत्रीखालीच नेलं असतं, माळवदाखाली नाही.

हा पाठ तुमच्या वर्गात घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. विशेषतः हिंगोली, नांदेड, परभणी आणि पालघरच्या शिक्षकांनी. तुमच्या मुलांनी जे अंगावर अनुभवलं आहे, ते आमच्या मुलांना फक्त तक्त्यावर दिसतं.